अपयशानंतर संघ कसा उभा राहतो

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



केंद्रस्तरावरील कबड्डीचे सामने आटोपून एखाद्या लहान गावाच्या शाळेचा संघ टेंपोतून परत निघालेला असतो. पहिल्याच फेरीत हार झालेली असते. सकाळी येताना घोषणा देऊन घसा बसलेली मुले आता एकमेकांकडे पाहण्याचेही टाळतात. ज्याची शेवटची पकड सुटली, तो मुलगा कोपऱ्यात गुडघ्यांत डोके घालून बसतो. गुरुजी पुढे चालकाशेजारी बसलेले असतात. गावाची वेस येईपर्यंत मुलांशी काहीतरी बोलावयास हवे हे त्यांना उमगते, परंतु काय बोलावे हे सुचत नाही.

अशा वेळी सामान्यतः दोन प्रकारची वाक्ये तोंडून निघतात. पहिले वाक्य रागाचे असते : "तुम्ही मन लावून खेळलाच नाहीत." दुसरे मायेचे असते : "जाऊ द्या, हार-जीत चालायचीच." या दोन्ही वाक्यांमागील हेतू चांगला असला तरी त्यांचा उपयोग फारसा होत नाही. रागाच्या वाक्याने मुले अपराधी शोधू लागतात आणि तो अपराधी कोपऱ्यात बसलेला असतोच. मायेच्या वाक्याने झालेली गोष्ट तशीच झाकली जाते. पुढील वर्षी तोच संघ त्याच रीतीने पुन्हा हरतो. शाळेत असे प्रसंग केवळ मैदानावरच येतात असे नाही. शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल शून्य लागतो, वाचनाच्या चाचणीत अर्धा वर्ग मागे पडतो, गावकऱ्यांच्या सहकार्याने सुरू केलेला उपक्रम दोन महिन्यांत थंडावतो. शाळा हाही एक संघच आहे, आणि कोणत्याही संघाची खरी परीक्षा विजयाच्या दिवशी होत नसून पराभवाच्या दुसऱ्या दिवशी होत असते.

या दुसऱ्या दिवशी नेमके काय करावे, हा या व्याख्यानाचा विषय आहे. जिद्द आणि चिकाटी यांचा उपदेश मुलांनी पुष्कळ वेळा ऐकलेला असतो. परंतु पडलेला संघ केवळ जिद्दीने उभा राहत नाही. काय गेले आणि काय शिल्लक आहे याचा तो आधी शांतपणे हिशेब करतो. शिल्लक असलेले जपतो आणि गेलेल्याच्या जागी नवी व्यवस्था लावतो. हे विधान पडताळून पाहण्यासाठी दोन खऱ्या उदाहरणांचा विचार करू या. एक खेळातील आहे, दुसरे व्यवसायातील.

एका दौऱ्याची हकीकत

२०२० सालच्या अखेरीस भारताचा क्रिकेट संघ ऑस्ट्रेलियात चार कसोटी सामन्यांची मालिका खेळण्यास गेला होता. पहिला सामना १७ डिसेंबरला अ‍ॅडलेड येथे सुरू झाला. पहिल्या डावात भारताने २४४ धावा केल्या व ऑस्ट्रेलियाला १९१ धावांत गुंडाळले. दुसऱ्या दिवसाचा खेळ थांबला तेव्हा भारत ६२ धावांनी पुढे होता आणि नऊ गडी हाती होते. तिसऱ्या दिवशी जे घडले ते क्रिकेटच्या इतिहासात नोंदले गेले. भारताचा दुसरा डाव अवघ्या ३६ धावांत संपला. एकाही फलंदाजास दोन आकडी धावसंख्या गाठता आली नाही. १९७४ साली लॉर्ड्स मैदानावर झालेला ४२ धावांचा नीचांकही मागे पडला. त्याच डावात मोहम्मद शमी यांच्या हाताला चेंडू लागून हाड मोडले. ऑस्ट्रेलियाने तो सामना आठ गडी राखून जिंकला. कर्णधार विराट कोहली हे आधी ठरल्याप्रमाणे अपत्यजन्मासाठी मायदेशी परतणार होते. उरलेल्या तीन सामन्यांची धुरा, संगमनेर तालुक्याशी ज्यांचे नाते आहे त्या अजिंक्य रहाणे यांच्या खांद्यावर आली.

पुढील सामना अवघ्या एका आठवड्याने, २६ डिसेंबरला, मेलबर्न येथे व्हावयाचा होता. आता शिक्षकाने क्षणभर स्वतःला त्या ठिकाणी कल्पून पाहावे. संघ ३६ धावांत बाद झाला आहे आणि सर्वांत मोठा फलंदाज घरी गेला आहे. अशा वेळी सहज सुचणारा उपाय म्हणजे आणखी एक फलंदाज घ्यावा आणि सर्वांना सावधपणे खेळण्यास सांगावे. संघाने तसे केले नाही. चार बदल झाले. त्यांत कोहली यांच्या जागी केवळ फलंदाज न घेता रवींद्र जडेजा यांना घेण्यात आले, म्हणजे फलंदाजी करू शकणारा पाचवा गोलंदाज संघात आला. शुभमन गिल आणि मोहम्मद सिराज या दोघांना कसोटीत प्रथमच संधी मिळाली. यष्टिरक्षणाचे काम ऋषभ पंत यांच्याकडे गेले.

या निर्णयामागील विचार समजून घेण्यासारखा आहे. अ‍ॅडलेड येथे सारेच काही बिघडलेले नव्हते. गोलंदाजांनी पहिल्या डावात आपले काम चोख बजावले होते. दोन दिवस संघ सामन्यात पुढेच होता. बिघडली ती फलंदाजीची एक सकाळ. म्हणून जी बाजू भक्कम होती ती अधिक भक्कम करण्यात आली आणि जी ढासळली होती तिथे नवी माणसे आली. मेलबर्न येथे ऑस्ट्रेलियाचे दोन्ही डाव १९५ आणि २०० धावांत आटोपले. रहाणे यांनी ११२ धावांची खेळी केली. जडेजा यांनी ५७ धावा काढल्या, शिवाय तीन गडीही बाद केले. भारताने सामना आठ गडी राखून जिंकला. ज्या अंतराने आधी हार झाली होती, त्याच अंतराने पुढच्याच सामन्यात जय झाला.

या सामन्यातील एक लहानसा प्रसंग प्रत्येक शाळेत सांगावा असा आहे. जडेजा ४९ धावांवर असताना त्यांनी चोरटी धाव घेण्याचा प्रयत्न केला आणि दुसऱ्या टोकाचे रहाणे धावचीत झाले. कर्णधार शतकानंतर उत्तम खेळत होता. बाद होण्याचे कारण सहकाऱ्याची घाई होती. मैदान सोडताना रहाणे वाटेत थांबले, जडेजांच्या जवळ गेले, त्यांची पाठ थोपटली आणि मग तंबूत परतले. जडेजांनी अर्धशतक पूर्ण करून डाव पुढे नेला. चूक कोणाची हे त्या क्षणी सर्वांना ठाऊक होते. ते बोलून दाखविण्याची गरज कर्णधारास वाटली नाही. खेळपट्टीवर राहिलेल्या सहकाऱ्याचे मन स्थिर राहणे त्यास अधिक मोलाचे वाटले.

तिसरा सामना जानेवारी २०२१ मध्ये सिडनी येथे झाला. जिंकण्यासाठी ४०७ धावा हव्या होत्या. पंत यांच्या ९७ आणि चेतेश्वर पुजारा यांच्या ७७ धावांनी काही काळ विजयाची आशा निर्माण झाली, परंतु ते दोघे बाद झाल्यावर जिंकणे आवाक्याबाहेर गेले. तेव्हा हनुमा विहारी आणि रविचंद्रन अश्विन यांनी ४२ हून अधिक षटके खेळून काढली. विहारींच्या मांडीचा स्नायू दुखावला होता, त्यांना धावता येत नव्हते. १६१ चेंडूंत त्यांनी २३ धावा केल्या आणि सामना अनिर्णित राहिला. धावफलकावर ही खेळी किरकोळ दिसते. पण तो सामना गमावला असता तर मालिका जिंकण्याची शक्यताच संपली असती. जिंकता येत नसेल तेव्हा न हरणे हेही संघकार्यच असते.

चौथा सामना ब्रिस्बेन येथील गाबा मैदानावर होता. तेथे ऑस्ट्रेलियाचा संघ १९८८ पासून एकही कसोटी हरला नव्हता. जसप्रीत बुमराह, अश्विन, जडेजा आणि विहारी हे चौघेही दुखापतींमुळे बाहेर होते. मालिकेचे चारही सामने खेळू शकलेले भारतीय खेळाडू केवळ दोन होते, रहाणे आणि पुजारा. मैदानावर उतरलेल्या पाच गोलंदाजांचा कसोटीतील अनुभव मिळून चार सामन्यांचा होता. त्यांतील थंगरासू नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर यांचा तो पहिलाच कसोटी सामना होता. ते दौऱ्यावर मागे थांबले होते ते सरावात गोलंदाजी करण्यासाठी. पालघरचे शार्दूल ठाकूर यांचा पहिला कसोटी सामना २०१८ साली केवळ दहा चेंडूंनंतर दुखापतीने संपला होता. सिराज यांच्या वडिलांचे नोव्हेंबर २०२० मध्ये हैदराबाद येथे निधन झाले, तेव्हा ते ऑस्ट्रेलियात होते व संघासोबतच राहिले.

याच मंडळींनी तो सामना उभा केला. पहिल्या डावात सहा गडी १८६ धावांत बाद झाले असताना ठाकूर आणि सुंदर यांनी सातव्या गड्यासाठी १२३ धावांची भागीदारी केली. ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावात सिराज यांनी पाच आणि ठाकूर यांनी चार गडी बाद केले. अखेरच्या दिवशी गिल यांच्या ९१, अंगावर अनेक चेंडू झेलीत पुजारा यांनी २११ चेंडूंत काढलेल्या ५६ आणि पंत यांच्या नाबाद ८९ धावांनी ३२८ धावांचे लक्ष्य तीन गडी राखून गाठले गेले. मालिका भारताने २-१ अशी जिंकली.

राखीव खेळाडू ऐन वेळी चमकले, हे दैवाचे देणे मानून चालणार नाही. गिल, सिराज, विहारी यांच्यासारखे खेळाडू त्याआधी काही वर्षे भारत 'अ' संघातून परदेशी मैदानांवर खेळलेले होते. २०१५ पासून चार वर्षे त्या संघाचे प्रशिक्षक राहुल द्रविड होते. मागील फळीची मशागत आधीच झालेली होती; पुढची फळी मोडल्यावर पीक दिसले इतकेच.

गिरगावातील गच्ची

आता मैदान सोडून व्यवसायाकडे वळावे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटावयास बसल्या. भांडवल होते उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली. पुढे हाच उद्योग 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' या नावाने देशभर प्रसिद्ध झाला. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. चाळीस हजारांहून अधिक स्त्रियांना या संस्थेने काम दिले, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. तिच्या पहिल्या वर्षाची हकीकत मात्र फारशी सांगितली जात नाही.

त्या वर्षी पावसाळा सुरू झाला आणि पापड वाळेनासे झाले. उडदाचा पापड ओला राहिला की त्यास बुरशी येते, हे खेड्यातील कोणत्याही गृहिणीस सांगावे लागत नाही. उन्हाशिवाय धंदा नाही आणि चार महिने ऊन नाही. काम बंद ठेवावे लागले. उभा राहू पाहणारा उद्योग पहिल्याच वर्षी वर्षाचा तिसरा भाग बंद पडणे हा लहान आघात नव्हे. पापडाचा धंदा उन्हाळ्याचाच असतो, असे म्हणून त्या स्वस्थ बसल्या असत्या तर त्यांना कोणी दोष दिला नसता.

दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरावयाचे आणि खाटेखाली स्टोव्ह पेटवावयाचा. पाऊस पडत राहिला आणि पापडही वाळत राहिले. या उपायात विद्वत्ता नाही की मोठा खर्च नाही. परंतु त्यामागील विचार अचूक आहे. पाऊस थांबविणे त्यांच्या हाती नव्हते. मात्र पापडास पाऊस नको असतो असे नसून पापडास उष्णता हवी असते, हे ध्यानात आल्याबरोबर प्रश्नाचे रूप पालटले. हाती नसलेल्या गोष्टीशी झगडणे थांबले आणि हाती असलेली गोष्ट कामास आली.

त्यांच्या आरंभीच्या काळातील आणखी एक गोष्ट उल्लेखनीय आहे. प्रथम त्या दोन प्रतींचे पापड करीत; हलक्या प्रतीचा पापड स्वस्तात विकावयाचा असा बेत होता. त्यांचे मार्गदर्शक छगनबापा पारेख यांनी एकच उत्तम प्रत ठेवण्याचा आणि हिशेब काटेकोर लिहिण्याचा सल्ला दिला. तो त्यांनी पाळला. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपयांची झाली. इतका नेमका आकडा आजही सांगता येतो तो त्या हिशेबाच्या वहीमुळे. काम करणारी प्रत्येक स्त्री संस्थेची भागीदार, नफा असो वा तोटा, तो सर्वांचा. आणि तोटा आला तरी देणगी मागावयाची नाही, असेही त्यांनी ठरविले होते.

ही संस्थासुद्धा प्रत्येक कामात यशस्वी झाली असे नाही. १९७९ च्या सुमारास चर्मवस्तू आणि आगपेट्या यांचे उद्योग तिने करून पाहिले. ते चालले नाहीत. ते सोडून देऊन जे साधत होते ते तिने वाढविले. न जमणारे काम वेळीच सोडणे यास पराभव म्हणण्याचे कारण नाही. मात्र ते करून पाहिल्यावर आणि हिशेब मांडल्यावर सोडावे. करण्यापूर्वीच सोडू नये.

या दोन हकीकतींतील समान धागा

एका बाजूस जगभर गाजणारे खेळाडू आणि दुसऱ्या बाजूस घरकाम सांभाळून पापड लाटणाऱ्या स्त्रिया. त्यांच्यात साम्य काय? चार गोष्टी स्पष्ट दिसतात.

पहिली, अपयशाचे मोजमाप. "सारे संपले" हे वाक्य दोघांनीही मानले नाही. कोठे बिघडले आणि कोठे बिघडले नाही हे त्यांनी वेगळे केले. दुसरी, व्यवस्थेतील बदल. केवळ अधिक जोर लावल्याने पावसात पापड वाळले नसते. माणसांची जागा, साधन किंवा पद्धत यांपैकी काहीतरी बदलावे लागले. तिसरी, परस्परांविषयीचा विश्वास. चूक करणाऱ्यास संघाबाहेर ढकलले गेले नाही आणि तोटा एकीच्या पदरात टाकला गेला नाही. चौथी, मागील फळीची तयारी. ज्याची पाळी अजून आलेली नाही त्यालाही शिकविले गेले होते.

शाळेत हे कसे उतरावे

आता पुन्हा त्या टेंपोकडे यावे. हरलेल्या संघाशी त्याच संध्याकाळी चर्चा करू नये. मुलांना जेवू द्यावे, झोपू द्यावे. त्या रात्रीपुरते कोपऱ्यातील मुलाच्या पाठीवर ठेवलेला हात पुरे. दुसऱ्या दिवशी खेळाच्या तासाला संघास मैदानावर बसवावे आणि फळ्यावर चार रकाने आखावेत : काय साधले, काय साधले नाही, काय आपल्या हाती नव्हते, आणि पुढील आठवड्यापासून काय बदलावयाचे. मुलांनीच ते भरावेत. एकूण चढाया किती झाल्या, त्यांतील किती रिकाम्या गेल्या, किती गडी रेषेबाहेर पाऊल पडून बाद झाले, हे मुलांस बहुधा शिक्षकांपेक्षा अधिक नीट आठवते. अशा मोजणीतून पुष्कळदा असे निघते की चढाया बऱ्या होत्या, परंतु तीन-चार गडी स्वतःच्याच पावलाने बाद झाले. मग "मन लावून खेळा" या उपदेशाऐवजी रोज दहा मिनिटे चुन्याच्या रेषेजवळ पाऊल सांभाळण्याचा सराव ठरतो. ज्याची शेवटची पकड सुटली त्याच्यावरील ओझेही आपोआप हलके होते, कारण सामना एका पकडीने गेलेला नव्हता हे फळ्यावरच दिसते.

वर्गातील अपयशालाही हीच रीत लागू पडते. "मुलांना वजाबाकी येत नाही" हे वाक्य शिक्षकांच्या तोंडी वारंवार येते. उत्तरपत्रिका घेऊन एक-एक चूक तपासली, तर अनेकदा असे आढळते की साधी वजाबाकी येते, हातच्याचीही येते. चुकते ती मधल्या घरात शून्य असलेली. ४०३ मधून १५८ वजा करताना दशकाच्या घरात घेण्यासारखे काही नाही, तेव्हा मूल अडखळते. म्हणजे गमावले ते एक घर, सबंध वजाबाकी नव्हे. अशा वेळी सारा पाठ पुन्हा शिकविण्यात पंधरा दिवस घालविण्याऐवजी काड्यांचे गठ्ठे घेऊन शतकाचा गठ्ठा सोडून दशक करणे दोन दिवस करवून घ्यावे. वाचनातही असेच आहे. मूल 'वाचत नाही' असे नोंदविण्याऐवजी ते कोठे थांबते, काना-मात्रेवर, जोडाक्षरावर की वाक्याच्या अर्थापाशी, एवढे नोंदविले तरी पुढील काम अर्ध्याने कमी होते.

पावसाळा आणि खाट यांचे उदाहरण ऊसतोडणीच्या भागातील शिक्षकांना विशेष जवळचे वाटेल. दिवाळीच्या सुमारास पालकांबरोबर मुले कारखान्याच्या भागात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. वर्गाचा तक्ता विस्कटतो, शिकलेले विसरले जाते आणि शिक्षकाची वर्षाची मेहनत वाया गेल्यासारखी वाटते. स्थलांतर थांबविणे एका शिक्षकाच्या हाती नाही. परंतु मुलास गाव हवे असते असे नसून त्याचे शिक्षण अखंड राहणे हवे असते, असा प्रश्न मांडला की काही वाटा दिसू लागतात. आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात मूल मागे ठेवता येईल काय, याची चर्चा पालकांशी गाडी येऊन उभी राहण्यापूर्वी, गणपतीच्या सुमारासच करावी. जाणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यावे. त्याचबरोबर ते कोणत्या पाठापर्यंत आले आहे आणि कोठे अडते हे एका कागदावर लिहून द्यावे, म्हणजे तेथील शाळेतील शिक्षकास पहिल्या दिवसापासून काम सुरू करता येईल. परत आल्यावर त्यास मागील बाकावर न बसविता कोणता भाग राहिला हे पाहून जोडीदार द्यावा. या उपायांनी सर्व मुले वाचतील असे नाही. तथापि चार मुलांपैकी दोन जरी शाळेत टिकली तरी सारा पावसाळा हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

मागील फळीविषयीही शिक्षकाने स्वतःस प्रश्न विचारावा. प्रत्येक कार्यक्रमात तीच मुलगी स्वागतगीत म्हणते, तोच मुलगा भाषण करतो, तेच सात गडी मैदानावर उतरतात. शाळेची शोभा त्यामुळे राहते, परंतु ती मुले पुढील शाळेत गेली की शाळा पुन्हा रिकामी होते. आठवड्यातून एक दिवस तरी परिपाठ, सूत्रसंचालन आणि खेळ दुसऱ्या फळीकडे सोपवावा आणि त्या दिवशी होणाऱ्या चुका हसत सोसाव्यात. दोन शिक्षकी शाळेत हेच शिक्षकांनाही लागू आहे. एकास सर्व नोंदी ठाऊक आणि दुसऱ्यास काहीच नाही, अशी स्थिती असेल तर पहिल्याच्या बदलीबरोबर शाळेचे दोन महिने बुडतात.

काही सावधगिरीच्या गोष्टी

या हकीकती मुलांना सांगताना विवेक ठेवणे अवश्य आहे. विहारी दुखऱ्या पायाने खेळले, पुजारांनी अंगावर चेंडू झेलले, ते प्रौढ व व्यावसायिक खेळाडू होते आणि वैद्यकीय मदत त्यांच्या हाताशी होती. त्यांचे उदाहरण देऊन लचकलेल्या पायाच्या मुलास मैदानावर उतरविणे सर्वथा गैर होय. दुखापत झालेल्या मुलास बाहेर बसविणे हाच शिक्षकाचा धर्म आहे.

दुसरे असे की, एकदा उभा राहिलेला संघ पुन्हा पडतच नाही, अशी समजूत मुलांची होऊ देऊ नये. ऑस्ट्रेलियातील त्या विजयानंतर महिन्याच्या आत, फेब्रुवारी २०२१ मध्ये, इंग्लंडविरुद्ध चेन्नई येथील पहिल्याच सामन्यात भारत २२७ धावांनी हरला. ती मालिका पुढे भारताने ३-१ अशी जिंकली, परंतु हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागला. यशानंतरही वही बंद करता येत नाही.

तिसरे, प्रत्येक अपयशाचे यशात रूपांतर होतेच असेही नाही. दैव, साधनांचा अभाव, प्रतिपक्षाचे श्रेष्ठत्व यांचाही वाटा असतो. म्हणूनच फळ्यावरील तिसरा रकाना, 'काय आपल्या हाती नव्हते' हा, प्रामाणिकपणे भरावा. तो रिकामा ठेवला तर मुले नसलेला दोष स्वतःवर घेतात. सारेच त्यात लोटले तर ती प्रयत्न सोडतात.

प्राथमिक शाळेतून बाहेर पडणाऱ्या बहुतेक मुलांच्या वाट्यास पदके येणार नाहीत. नापीक वर्ष, बुडालेला धंदा, नाकारला गेलेला अर्ज मात्र प्रत्येकाच्या वाट्यास कधी ना कधी येईल. त्या दिवशी पाढे किती आठवतात यापेक्षा, हरल्यानंतर काय करावयाचे असते हे कोणी शिकविले होते काय, यास महत्त्व येईल. ज्या मुलाने लहानपणी एकदा तरी फळ्यापुढे बसून आपल्या पराभवाचे चार रकाने भरले आहेत, त्याच्यापाशी त्या दिवशी निदान सुरुवात करण्याची रीत असेल. आणि टेंपोच्या कोपऱ्यातील तो मुलगा पुढील वर्षी पुन्हा मैदानावर उतरला, तर सामन्याचा निकाल काहीही लागो, शाळेचे काम झाले असे समजावे.